दोन बोटं अलीकडे

डॉफिनच्या उत्तरेला, जिथे डांबर संपून खडी लागते,
तिथे ओरेस्ट हाव्रिल्युकची शेड.
पूर्वी तिच्यात कापणीयंत्र उभं असे.
गेली अकरा वर्षं एक विमान आहे,
ज्यानं अजून एकदाही जमीन सोडलेली नाही.

बाहेर उणे एकोणीस.
आत डिझेलचा हीटर, एका अंगानं भाजतो,
दुसरं अंग मॅनिटोबाच्या स्वाधीन.

दुखणं असं:
दांडी मागे ओढली की येते, येते,
लोण्यातून सुरी यावी तशी येते,
आणि पोटापासून दोन बोटं अलीकडे
अडते.
ठक्क होत नाही. कुणी हळूच मनगट धरावं, तसं.
जोर लावला तर सुटते.
पण जोर लावून सुटणाऱ्या गोष्टीवर
हजार फुटांवर भिस्त ठेवायची नसते,
हे ओरेस्टला मी सांगायला नको.
मी तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या.
माझी सगळी वाहनं बिघडली की रस्त्याच्या कडेला थांबत.

घोडं कुठं पेंड खातंय, शोधायला शेपटीपासून निघालो.
बिजागऱ्यांच्या रांगेवर दोरा ताणला. सरळ.
मधल्या बिजागरीत केसाएवढा फरक,
त्या केसावर आम्ही दीड तास भांडलो.
मग पुशरॉड बेलक्रँकपाशी सोडवला,
म्हणजे दुखण्याचे दोन तुकडे होतात,
एक शेपटीकडचा, एक माणसाकडचा.
एलेव्हेटर आपल्याच वजनानं खाली गेला,
हातानं उचलला तर शेवटपर्यंत उठला.
शेपटी निर्दोष.
रॉडच्या टोकांची बेअरिंगं बोटांत फिरवून पाहिली.
एक कुरकुरलं. ते बदललं.
गारठ्यानं घट्ट झालेलं ग्रीस चिंधीनं पुसून काढलं.
सगळं पुन्हा जोडलं.
ओरेस्टनं पंखावरून वाकून दांडी ओढली:
मोकळी. पार शेवटापर्यंत मोकळी.
खूश होऊन तो आत चढला, पट्टा आवळला, ओढली.

दोन बोटं अलीकडे.

तो युक्रेनियनमध्ये जे बोलला
ते मला कळतं, म्हणून इथे लिहीत नाही.

असे तीन शनिवार गेले.
चौथ्याला त्याचा गुडघा धरला होता
म्हणून मी बसले.
मोकळी.
"पुन्हा ओढ, दार्का."
मोकळी.
तो बसला. अडली.
मी बसले. मोकळी.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
आणि मी टॉर्च घेऊन फरशीवर आडवी झाले.

"आता बस. सगळं अंग टाकून बस."
माझ्या नाकावर वीतभर अंतरावर
सीटचा पत्रा सावकाश खाली आला
आणि पुशरॉडला टेकला.
हिरव्या प्रायमरवर नखाएवढी जागा
घासून घासून चांदीसारखी झाली होती.

पत्रा मिरोननं ठोकला होता.
ठरलं होतं तसंच: ओरेस्टनं बांधायचं, धाकट्यानं उडवायचं.
मिरोन अठ्ठावन्न किलोचा, उंची बेताची,
पत्रा त्यानं आपल्या मापानं पातळ घेतला,
वजन वाचतं म्हणून.
सहाव्या वर्षी त्याची फुप्फुसं गेली.
ओरेस्ट चौऱ्याण्णव.

मी खालून एवढंच म्हटलं, "सापडलं."
वर बराच वेळ मिठाची गुळणी.
स्प्रिंगचा एक किरकिराट, मग तोही नाही.
फरशी माझ्या पाठीत शिरत होती.
"ओरेस्ट, उतर. मी इथे गोठतेय."

पत्र्याखाली अॅल्युमिनियमचा कोन बसवला.
त्यासाठी मिरोनचे सात रिव्हेट पोखरून काढावे लागले.
सातवा तिरका होता,
त्याची टिकली ओरेस्टनं झाडूखालून उचलली
आणि चष्म्याच्या डबीत टाकली. मी पाहिलं नाही.

मग तो बसला, पट्टा, दांडी मागे:
येते, येते, येते,
आणि जिथे थांबायला हवी तिथे, थांब्यावर,
टक्.

लॉगबुकात त्यानं तारीख घातली.
काम: सीटखाली कोन. कारण:
इथे पेन थबकलं.
मग "वजन" असं लिहून त्यानं सही केली.

हीटर विझवताना म्हणाला,
"मी बारीक झालो असतो तरी चाललं असतं, नाही?"
म्हटलं, "कोन ऐंशी ग्रॅमचा आहे.
तू छत्तीस किलो कुठून काढणार होतास?"
तो हसला, पहिल्यांदाच त्या महिन्यात,
आणि शेडचं दार, जे नेहमी अडतं,
खांद्यानं ढकलून लावलं.